कृष्णफळ : वेलीचे आयुष्य ठरते रोपवाटिकेत

कृष्णकमळाचा वेल मराठी वाचकाला नवा नाही. फुलाच्या बाहेरील वलयातले असंख्य तंतू म्हणजे शंभर कौरव, त्यावरचे पाच पुंकेसर म्हणजे पाच पांडव आणि सर्वांत वरची तीन टोके म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, अशी या फुलाची ओळख घरोघरी करून दिली जाते. याच कुळातील एका वेलीला खाण्याजोगे फळ लागते. बाजारात ते 'पॅशन फ्रूट' या नावाने येते आणि मराठीत त्याला कृष्णफळ म्हणतात. गुळगुळीत, जांभळ्या किंवा पिवळ्या कवचाचे हे फळ कापले की आत केशरी रसाच्या पिशव्यांत गुरफटलेल्या काळ्या बिया दिसतात. आंबट-गोड चव आणि तीव्र सुगंध यांमुळे सरबते, आइस्क्रीम आणि दह्याचे पदार्थ यांसाठी त्याला शहरांतून मागणी असते.

लागवडीनंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उत्पन्न सुरू होत असल्याने शेतकऱ्यालाही हे पीक आकर्षक वाटते. मात्र जगात जेथे जेथे या वेलीची मोठी लागवड झाली, त्यांपैकी अनेक ठिकाणी एकच क्रम दिसला. क्षेत्र झपाट्याने वाढले, काही वर्षे भरघोस उत्पन्न आले आणि मग रोगांनी बागा बसवल्या. या रोगांपैकी सर्वांत घातक दोन रोगांवर फवारणीचा खात्रीचा उपाय नाही. त्यांचा बंदोबस्त रोप जमिनीत जाण्यापूर्वी करावा लागतो.

जांभळे आणि पिवळे

या फळाचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका. जांभळे कृष्णफळ दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यातले मानले जाते. त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा एड्युलिस. पिवळे फळ याच जातीचा एक प्रकार असून त्याला फ्लाविकार्पा म्हणतात. 'पॅशन' या शब्दाचा येथे प्रेमभावनेशी संबंध नाही. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना या फुलात येशू ख्रिस्ताच्या क्लेशांची चिन्हे दिसली. तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा आणि वरची तीन टोके म्हणजे तीन खिळे. एकाच फुलाचे दोन संस्कृतींनी केलेले हे वाचन मोठे विलक्षण आहे.

दोन्ही प्रकारांचा स्वभाव मात्र वेगळा. जांभळे फळ आकाराने लहान, साधारण ३५ ते ४५ ग्रॅम वजनाचे, चवीला अधिक गोड आणि सुगंधी असते. त्याला थंड, डोंगराळ हवा मानवते. पिवळे फळ मोठे, रसाला अधिक आणि जास्त आंबट असते. उष्ण सखल प्रदेशात तोच वेल जोमाने वाढतो. रोगांच्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाचा फरक मुळांत आहे. जांभळ्या वेलीची मुळे जमिनीतील बुरशीला आणि सूत्रकृमींना सहज बळी पडतात, तर पिवळ्याची मुळे त्यांना पुष्कळ अंशी दाद देत नाहीत. कृष्णफळाच्या आधुनिक शेतीचा बराचसा डोलारा या एका फरकावर उभा आहे.

भुंग्यावाचून फळ नाही

जांभळ्या वेलीची फुले पहाटेच्या सुमारास उमलतात आणि दुपारपूर्वी मिटतात. पिवळ्याची फुले दुपारी उमलतात व रात्री मिटतात. पिवळ्या वेलीवर त्याच वेलीच्या परागांनी फळ धरत नाही. दुसऱ्या वेलीचे पराग यावे लागतात. फूल मोठे असल्यामुळे लहान मधमाशी अनेकदा मध घेऊन जाते, पण तिच्या पाठीला पराग लागत नाहीत. हे काम करतो तो वाळलेल्या लाकडात आणि बांबूत भोक पाडून राहणारा काळा, गुबगुबीत भुंगा. तो तंतूंच्या वलयावर उतरला की वरचे पुंकेसर नेमके त्याच्या पाठीवर टेकतात.

म्हणूनच बागेच्या कडेला बांबूचे तुकडे, वाळकी खोडे ठेवून भुंग्यांना आसरा देण्याचा सल्ला दिला जातो. ब्राझीलमध्ये भुंगे अपुरे पडतात तेथे मजूर बोटांनी परागीकरण करतात. सरसकट कीटकनाशक फवारणाऱ्या बागेत भुंगाही मरतो आणि वेल निरोगी दिसूनही फळधारणा घटते. रोगनियंत्रणाचा विचार करताना ही बाब नजरेआड करून चालत नाही.

भारतातील वाटचाल

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा वेल निलगिरी, कोडाईकनाल, शेवरॉय, वायनाड, कोडगू अशा दक्षिणेतील डोंगराळ भागांत रुजला. पुढे ईशान्य भारतात मणिपूर, नागालँड आणि मिझोराम येथे त्याचा प्रसार झाला. ईशान्येकडील राज्यांसाठी २००१-०२ मध्ये फलोत्पादनाचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. त्यानंतरच्या काळात या राज्यांत फिरत्या शेतीला पर्याय म्हणून ज्या पिकांना प्रोत्साहन मिळाले, त्यांत कृष्णफळ होते. उतारावरच्या जमिनीत वेल चांगला येतो, पण फळ नाशवंत आणि बाजारपेठ दूर, ही तेथील शेतकऱ्याची अडचण. त्यामुळे बागेजवळ रस काढण्याची सोय आहे की नाही, यावर या पिकाची मिळकत अवलंबून राहते.

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात चेट्टळ्ळी येथे भारतीय उद्यान संशोधन संस्थेचे प्रयोग केंद्र आहे. तेथे जांभळ्या आणि पिवळ्या प्रकारांच्या संकरातून 'कावेरी' हे वाण तयार करण्यात आले. त्याचे फळ जांभळे, साधारण ८५ ते ११० ग्रॅम वजनाचे असते आणि पानांवरील तपकिरी ठिपके, बुंधाकूज, मर व सूत्रकृमी यांना ते सहनशील मानले जाते. संकरित वाण असल्याने त्याच्या फळातील बी पेरून तेच गुण मिळत नाहीत. त्यासाठी छाटकलम किंवा कलम हाच मार्ग असतो.

मुळातून येणारी मर

या पिकाच्या रोगांचा सर्वांत बोलका इतिहास ऑस्ट्रेलियातला आहे. क्वीन्सलँडच्या किनारपट्टीवर जांभळे कृष्णफळ १९०० पूर्वीच रुळले होते. केळीच्या सोडून दिलेल्या बागांच्या जागी त्याची लागवड होऊ लागली आणि रोगमुक्त पीक अशी त्याची ख्याती झाली. १९४३ च्या सुमारास मर रोगाने हे चित्र पालटले. फ्युजेरियम ही जमिनीतील बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. वरची पाने पिवळी पडतात आणि बघता बघता अख्खा वेल माना टाकतो. बुंधा उभा चिरल्यास आत तपकिरी रेषा दिसतात, ही या रोगाची खूण.

जमिनीत शिरलेली ही बुरशी वेल काढून टाकल्यावरही वर्षानुवर्षे टिकते. बुरशीनाशकाची आळवणी करून ती हटत नाही. ऑस्ट्रेलियातील बागायतदारांनी त्यावर शोधलेला उपाय आजही प्रमाण मानला जातो. पिवळ्या वेलीच्या रोपाचा खुंट घ्यायचा आणि त्यावर जांभळ्याची फांदी पाचर कलमाने बांधायची. जमिनीखाली पिवळ्याची मुळे आणि वर जांभळ्याचे फळ, असा हा संयोग आहे.

या कलमाला काही पथ्ये आहेत. जोड जमिनीपासून पुरेसा उंच हवा. लावताना तो मातीत गाडला गेला किंवा नंतर मातीची भर त्यावर चढली, तर वरची जांभळी फांदी स्वतःची मुळे सोडते. बुरशीला मग हवी ती वाट मिळते आणि कलमाचा सारा खटाटोप वाया जातो. खुंटावर फुटणारे धुमारेही वेळच्या वेळी काढावे लागतात. अन्यथा जोमदार खुंट वरच्या कलमाला मागे टाकतो.

मर रोगाशी गल्लत होणारा दुसरा रोग म्हणजे बुंधाकूज. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत फायटोप्थोरा ही बुरशीसदृश सूक्ष्मजीवांची जमात बुंध्याची साल जमिनीलगत कुजवते. साल मऊ पडते, ओलसर डाग चढत जातो आणि वेल वाळतो. येथे मुख्य उपाय पाण्याचा निचरा हाच. उंच गादीवाफ्यावर लागवड, बुंध्याला पाणी न लागू देणारे आळे आणि पावसाळ्यापूर्वी चर मोकळे करणे, ही कामे औषधाआधीची आहेत. बुंध्याला एक टक्का बोर्डो मिश्रण लावण्याची पद्धत त्यानंतर येते. शंभर लिटर पाण्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे त्याचे प्रमाण.

लाकडासारखे फळ

दुसरा घातक रोग विषाणूजन्य आहे. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटतात, पाने आखडतात, वेलीची वाढ खुंटते आणि फळे लहान, वेडीवाकडी, दगडासारखी कठीण होतात. कवच जाड होऊन आत रस जवळजवळ उरत नाही. इंग्रजीत या रोगाला 'वूडीनेस' म्हणजे लाकडासारखे होणे असे म्हणतात. ऑस्ट्रेलियात या लक्षणांमागे पॅशन फ्रूट वूडीनेस विषाणू सापडला. ब्राझीलमध्ये मात्र तशाच रोगाला मुख्यतः चवळीवर येणारा, माव्यामार्फत पसरणारा एक वेगळा विषाणू कारणीभूत असल्याचे पुढील संशोधनात स्पष्ट झाले. एकाच लक्षणामागे प्रदेशानुसार निरनिराळे विषाणू असू शकतात, हे त्यातून दिसले.

हे विषाणू मावा ही कीड पसरवते. रोगट पानात सोंड खुपसलेला मावा उडून निरोगी पानावर बसला की काही क्षणांत विषाणू तेथे पोचतो. कीटकनाशकाचा परिणाम होऊन तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. त्यामुळे माव्यासाठी वारंवार फवारणी करून हा रोग थोपवता येत नाही. छाटणीची कात्री रोगट वेलीवरून निरोगी वेलीवर गेली, तरी विषाणू जाऊ शकतो.

येथे या पिकातला खरा पेच समोर येतो. मर रोगावरचा उपाय कलम हा आहे. पण कलमाची फांदी विषाणूग्रस्त वेलीवरून घेतली असेल, तर त्या वेलीपासून तयार झालेले प्रत्येक रोप जन्मतःच रोगी असते. एका मातृवेलीपासून शेकडो कलमे बांधली जातात आणि ती दूरदूरच्या बागांत जातात. पहिल्या रोगावरचा इलाज अशा रीतीने दुसऱ्या रोगाचे वाहन बनतो. रोप लहान असताना लक्षणे अनेकदा स्पष्ट नसतात, म्हणून विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ते कळत नाही. फळ धरेपर्यंत सारा खर्च होऊन गेलेला असतो.

बारमाही वेल, वार्षिक पीक

तैवानमध्ये विषाणूंनी बागा ग्रासल्यानंतर तेथील शेतीखात्याने आणि संशोधकांनी रोपवाटिकेकडे लक्ष वळवले. मातृवेलींची विषाणूचाचणी, कीटकरोधक जाळीघरात त्यांचे संगोपन, पिवळ्याच्या खुंटावर कलमे आणि दरवर्षी जुने वेल काढून नवी निरोगी रोपे लावणे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. 'ताइनुंग क्रमांक १' हे तेथील संकरित वाण आहे. त्याचीच लागवड व्हिएतनामच्या मध्यवर्ती पठारावर पसरली असून तेथील फळ जुलै २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर अधिकृतपणे चीनला जाऊ लागले.

जगात सर्वाधिक कृष्णफळ पिकवणाऱ्या ब्राझीलमध्ये रोपाचे वय हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. वेल जितका कोवळा असताना विषाणू लागतो, तितके नुकसान मोठे. म्हणून जाळीघरातच रोप उंच वाढवून, मांडवाच्या तारेजवळ पोचेल एवढे झाल्यावर शेतात नेण्याची पद्धत तेथे पुढे आली. लागवडीनंतर दर आठवड्याला पाहणी करून रोगट वेल उपटून टाकणे आणि हंगाम संपताच परिसरातील सर्व जुने वेल एकाच वेळी काढून काही काळ शेत मोकळे ठेवणे, ही त्याची पुढची पायरी. जुना वेल उभा राहिला नाही, तर माव्याला विषाणू उचलायला जागाच मिळत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व.

यात एक अट आहे. शेजारच्या शेतातले रोगट वेल तसेच राहिले, तर एकट्या शेतकऱ्याची शिस्त निष्फळ ठरते. हा उपाय गावाने किंवा खोऱ्याने मिळून करायचा आहे. पाच-सहा वर्षे फळे देऊ शकणारा वेल वर्षा-दीड वर्षात तोडणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, हे उघड आहे. मात्र निरोगी वेलीचे एक वर्ष रोगट वेलीच्या तीन वर्षांपेक्षा फायद्याचे, हा हिशेब तैवानच्या बागायतदारांनी स्वीकारला.

हिशेब चुकला तर काय होते, याचे उदाहरण हवाई बेटांचे. तेथे या फळाला 'लिलिकोई' म्हणतात. १९५१ मध्ये जेमतेम पाच एकरांत असलेली व्यापारी लागवड १९५८ पर्यंत १,२०० एकरांवर गेली. विषाणूजन्य रोग, महाग मजुरी आणि वाढते जमिनीचे भाव यांपुढे हा व्यवसाय पुढे टिकू शकला नाही.

ठिपके, करपा आणि फळमाशी

पानांवर आणि फळांवर येणारे तपकिरी ठिपके अल्टरनेरिया बुरशीमुळे, तर बारीक ठिपक्यांची दाटी सेप्टोरियामुळे होते. दमट हवेत आणि दाट वाढलेल्या मांडवात हे रोग बळावतात. येथे मात्र फवारणीचा उपयोग होतो. ताम्रयुक्त बुरशीनाशके त्यासाठी वापरली जातात. कोणतेही औषध घेताना वेष्टनावर या पिकासाठी शिफारस आहे का, मात्रा किती आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून ताडून पाहावे. फुले उमललेली असताना फवारणी टाळावी.

औषधापेक्षा छाटणी अधिक मोलाची. फळ नव्या फुटीवर येते, त्यामुळे फळे संपलेल्या फांद्या काढल्याने उत्पन्नही वाढते आणि मांडवात हवा खेळती राहते. दोन तारांच्या ताटीवर वेल चढवण्याची पद्धत त्यासाठी सोयीची. वेलींमध्ये दोन मीटर आणि ओळींमध्ये तीन मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे १,६६६ वेल बसतात. गळालेली रोगट पाने व फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत.

फळमाशीने कोवळ्या फळाला डंख केला, की त्या जागी कठीण गाठ येते. ती पाहून विषाणूरोगाची शंका घेतली जाते. फरक असा, की माशीच्या डंखाने फळाचा एखादाच भाग खडबडीत होतो, पाने मात्र निरोगी असतात. विषाणूरोगात पानेही चट्ट्यांनी भरतात.

महाराष्ट्रापुढचा धडा

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. २००० नंतरच्या दशकात डाळिंबावरील तेल्या रोगाने राज्यातील बागायतदारांना हैराण केले. अनेकांनी वाढवलेल्या बागा स्वतःच्या हातांनी उपटल्या. जीवाणूजन्य असलेल्या त्या रोगाच्या प्रसारात रोगट बागांतून बांधलेल्या गुटी कलमांचा वाटा मोठा होता. याच काळात, २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. पीक वेगळे, रोगकारक वेगळा. पण रोगाने प्रवास केला तो रोपांच्या गाडीतूनच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी १,७६५.६७ कोटी रुपयांच्या 'स्वच्छ रोप कार्यक्रमा'ला मंजुरी दिली. फळपिकांच्या विषाणूमुक्त मातृवृक्षांसाठी देशात नऊ केंद्रे उभारण्याची ही योजना असून त्यांत पुणे, नागपूर आणि सोलापूर यांचा समावेश आहे. द्राक्ष, संत्रावर्गीय फळे, डाळिंब यांसारख्या मोठ्या पिकांवर त्याचा पहिला भर आहे. कृष्णफळासारख्या लहान पिकाची रोपे घेणाऱ्याला तूर्त स्वतःच चौकशी करावी लागेल. खुंट कशाचा आहे, कलमाची फांदी कोणत्या वेलीवरून घेतली, त्या मातृवेलीची विषाणूचाचणी झाली आहे का, रोपे उघड्यावर वाढवली की जाळीत, हे चार प्रश्न रोपवाटिकेत विचारणे आवश्यक आहे. उत्तरे समाधानकारक नसतील, तर स्वस्त रोप सर्वांत महाग पडते.

गच्चीवरच्या वेलीसाठी

शहरात एखादा वेल लावू इच्छिणाऱ्यांनाही हेच नियम लागू पडतात. कोकण-मुंबईच्या उष्ण हवेत पिवळा प्रकार अधिक सोपा, परंतु फळ धरण्यासाठी निरनिराळ्या रोपांपासून वाढवलेले किमान दोन वेल हवेत. एकाच वेलीची दोन छाटकलमे लावून भागत नाही. भुंगे फिरकत नसतील, तर एका वेलीच्या फुलातील पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीच्या फुलातील तिन्ही टोकांना लावावेत. कुंडीचे तळभोक मोकळे ठेवावे. प्रत्येक वेलीच्या छाटणीनंतर कात्री स्वच्छ करावी. चट्टेदार, आखडलेला वेल औषधाने बरा होत नाही. तो काढून टाकणे शेजाऱ्यांच्या वेलींसाठीही हिताचे.

फळ साधारण सत्तर-ऐंशी दिवसांत पिकते आणि आपोआप खाली गळते. ते रोज गोळा करावे. जांभळे फळ किंचित सुरकुतले की अधिक गोड लागते. हिरवे, कच्चे फळ मात्र खाऊ नये, कारण त्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात.